परसातले तळे: वनस्पतींच्या गाळणीवर चालणारे आणि खानदेशच्या उन्हात टिकणारे

परसात तळे करणे म्हणजे खड्डा खणून, प्लास्टिकचा कागद अंथरून पाणी भरणे, एवढाच अनेकांचा समज असतो आणि म्हणूनच पहिल्या उन्हाळ्यात ते तळे हिरवे, दुसऱ्यात काळे आणि तिसऱ्यात कचऱ्याने बुजवलेले दिसते. वनस्पतींच्या गाळणीवर तळे वर्षानुवर्षे स्वच्छ राहू शकते. मात्र ती गाळणी म्हणजे काठावर शोभेसाठी लावलेली झाडे नव्हेत. पाण्यात पडणारी पाने, माशांची विष्ठा, वाऱ्याने येणारी धूळ यांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस सतत जमा होत असतात. झाडे ती द्रव्ये शोषून पानांत साठवतात आणि आपण ती पाने कापून तळ्याबाहेर नेतो, तेव्हाच पाण्यावरचा भार खरोखर उतरतो. ज्यांना ही कापणी करायची नाही त्यांनी तळ्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. मोरीचे पाणी जिथे बाहेर पडते तिथे कर्दळ, अळू आणि केळी लावण्याची रीत आपल्याकडे घरोघरी होती. शास्त्रीय पद्धतीने असा अभ्यास जर्मनीत १९५० च्या दशकात केटे झायडेल यांनी पाणगवतांवर सुरू केला आणि १९८० च्या दशकात ऑस्ट्रियात याच तत्त्वावर पोहण्याची तळी बांधली जाऊ लागली. तिथली मापे मात्र इथे जशीच्या तशी चालत नाहीत. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, बोअरचे पाणी बहुधा क्षारांनी जड असते आणि पायाखाली फुगणारी-भेगाळणारी काळी माती असते. पुढील सर्व मापे या तीन गोष्टी धरून दिली आहेत.

जागा आणि आकार

तळ्याला सकाळचे पाच-सहा तास ऊन मिळावे आणि दुपारनंतर पश्चिमेकडून सावली यावी. ही सावली घराच्या भिंतीची असल्यास उत्तम. कडुनिंब, चिंच किंवा पिंपळाखालची जागा टाळावी, कारण फाल्गुनात निंबाची पानगळ सुरू झाली की रोज पाने काढण्याचे काम मागे लागते. पिंपळाच्या आणि बांबूच्या मुळ्या तर कागदही फाडतात.

उदाहरणासाठी १२ फूट लांब, ८ फूट रुंद आणि मध्यभागी साडेतीन फूट खोल असे तळे धरू. काठाने एक फूट खोलीवर एक फूट रुंदीचा कट्टा सोडला आणि बाजू उतरत्या ठेवल्या, तर त्यात साधारण सहा हजार लिटर पाणी मावते. याहून उथळ तळे खानदेशात करू नये. दीड-दोन फुटांच्या तळ्यात मे महिन्यातील पाणी तळापर्यंत तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना ७ च्याही खाली. खोल पाण्यात माशांना निदान तळाशी आसरा मिळतो.

गाळणीच्या वाफ्याचे क्षेत्र तळ्याच्या एक तृतीयांश ठेवावे. आपल्या उदाहरणात तो ८ बाय ४ फुटांचा आणि २ फूट खोल होतो. मासे फारच थोडे ठेवणार असाल तर एक चतुर्थांशही पुरतो, पण जागा असताना हात आखडता घेऊ नये.

खोदकाम

खोदण्यास दिवाळीनंतरचा काळ चांगला. माती वापशावर असते, ना चिखल ना ढेकळे. काळ्या मातीत उभ्या भिंतीचा खड्डा करू नये. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि काठ आत ढकलते. बाजू खाली जाताना थोड्या आत येत जातील असा उतार द्यावा. खड्डा हव्या त्या मापापेक्षा सगळीकडून सहा इंच जास्त खणावा आणि त्या सहा इंचांत मुरूम पसरून, पाणी शिंपडून धुम्मस करून घ्यावी. हा मुरमाचा थर काळ्या मातीची हालचाल कागदापर्यंत पोहोचू देत नाही. मातीची कडेची जागा कुठे वर-खाली आहे हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून गवंड्याच्या पाण्याच्या लेव्हल पाइपने चारही काठ तपासावेत. काठ दोन इंच जरी तिरपा झाला तरी पाणी भरल्यावर एका बाजूचा कागद उघडा पडतो आणि दुसऱ्या बाजूने पाणी सांडते.

काठ अंगणापेक्षा चार इंच उंच ठेवावा. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी, त्याबरोबर येणारे खत आणि औषध तळ्यात उतरले तर कोणतीही गाळणी ते सहज पेलत नाही. निघालेली काळी माती फेकू नये. कमळ आणि कुमुदिनीच्या टोपल्यांना तिच्यासारखी माती विकत मिळत नाही.

कागद

आपल्याकडे शेततळ्यांमुळे ५०० मायक्रॉनचा एचडीपीई (एक प्रकारचे टिकाऊ प्लास्टिक) कागद आणि तो वेल्डिंग करणारे कारागीर तालुक्याच्या गावीही मिळतात, ही मोठी सोय आहे. लांबी काढताना तळ्याची लांबी, खोलीची दुप्पट आणि दोन्ही काठांवर दाबायला दीड-दीड फूट धरावे. आपल्या तळ्यासाठी १२ अधिक ७ अधिक ३, म्हणजे २२ फूट. रुंदीसाठी ८ अधिक ७ अधिक ३, म्हणजे १८ फूट. वाफ्याचा कागद वेगळा घ्यावा.

कागदाखाली आधी बारीक जाळी अंथरावी, कारण घूस हा काठचा खरा शत्रू आहे: ती मुरूम उकरते आणि ओलाव्याच्या वासाने थेट कागद कुरतडते. जाळीची टोके खाली दाबून तिच्यावर दोन इंच चाळलेली रेती आणि त्यावर जुने गोणपाट किंवा गोधड्या पसराव्यात. कागद सकाळी उन्हात तासभर पसरून मऊ झाला की मगच खड्ड्यात उतरवावा. कोपऱ्यांत चुण्या एकाच दिशेने घालाव्यात आणि कागद कुठेही ताणून बसवू नये, कारण उन्हाने तो प्रसरण पावतो आणि थंडीत आखडतो. पाणी हळूहळू भरत चुण्या सारख्या कराव्यात. काठाचा जादा कागद चार-पाच दिवसांनी, वजनाने सगळे बसल्यावरच कापावा. जो भाग पाण्याबाहेर राहील तो शहाबादी फरशीखाली पूर्ण झाकावा, उघडा राहिल्यास आपल्या उन्हात तो लवकर कडक होऊन तडकतो. एचडीपीई गोंदाने चिकटत नाही, हे लक्षात ठेवून भोक पडल्यास वेल्डिंगवाल्यालाच बोलवावे.

गाळणीचा वाफा

सगळ्या कामाचा गाभा हाच, म्हणून येथे घाई करू नये. तत्त्व असे की तळ्याचे पाणी पंपाने उचलून एका ड्रममध्ये सोडायचे, ड्रममधून ते आपोआप वाफ्याच्या तळाशी जाईल, गिट्टीतून सावकाश वर चढेल आणि कडेवरून पुन्हा तळ्यात पडेल. गिट्टीच्या प्रत्येक खड्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्रोस्पिरा जातीचे त्याचे नायट्रेट करतात आणि ते नायट्रेट झाडांची मुळे घेतात. म्हणजे झाडे शेवटचा हप्ता उचलतात. मधले सगळे काम गिट्टी करते.

वाफ्यातील पाण्याची पातळी तळ्यापेक्षा तीन-चार इंच वर हवी. तळाशी ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप इंग्रजी एच अक्षराच्या आकारात जोडावा. त्याला दर चार-पाच इंचांवर १० मिलिमीटरची भोके पाडून ती खालच्या बाजूला करावीत, म्हणजे खडी त्यात अडकत नाही. पाइप, एल्बो, एंड कॅप, बॉल व्हॉल्व्ह हे सगळे साहित्य ठिबकच्या कुठल्याही दुकानात मिळते. त्यावर सहा इंच ४० मिलिमीटरची गिट्टी, मग बारा इंच २० मिलिमीटरची आणि वर चार इंच १० ते १२ मिलिमीटरची बारीक गिट्टी असा क्रम ठेवावा. एकूण सुमारे ६० घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासहून थोडी जास्त गिट्टी लागते.

गिट्टी काळ्या दगडाची घ्यावी आणि धुण्याची मेहनत टाळू नये. क्रशरवरून आलेल्या गिट्टीवर भुकटीचा जाड थर असतो. घमेल्यातले पाणी नितळ निघेपर्यंत ती धुतली नाही तर हीच भुकटी चिखल होऊन पाइपाची भोके बुजवते. पांढरट खडा दिसल्यास त्यावर लिंबाचा रस पिळावा. फेस आला तर तो चुनखडीचा आहे, तो काढून टाकावा. आपले पाणी आधीच जड, त्यात आणखी भर नको. वाफ्यात माती किंवा शेणखत चमचाभरही घालू नये. झाडांना अन्न पाण्यातूनच शोधावे लागले पाहिजे, नाहीतर ती पाण्याकडे वळणारच नाहीत.

एका कोपऱ्यात ११० मिलिमीटरचा पाइप तळापर्यंत उभा ठेवावा. त्याच्या खालच्या सहा इंचांत भोके असावीत आणि वर झाकण. पुढे गाळ उपसायची ही खिडकी आहे, तिच्याविना काही वर्षांनी सगळी गिट्टी काढून धुवावी लागते.

ड्रम २०० लिटरचा, झाकणाचा आणि ओट्यावर ठेवलेला असावा. त्यातील पाण्याची पातळी वाफ्यापेक्षा फूटभर वर राहील अशी उंची साधावी. पंपाचे पाणी ड्रममध्ये वरून, एका कडेने सोडावे, म्हणजे ते गोल फिरून जड गाळ खाली बसतो. पाण्याखाली पाइप बुडवल्यास वीज गेल्यावर ड्रमचे पाणी उलटे तळ्यात ओढले जाते. बाहेर जाणारा पाइप वरच्या बाजूने काढावा आणि तळाशी गाळ सोडायला व्हॉल्व्ह बसवावा. ड्रमच्या आतील बाजूस नेहमीच्या पातळीवर रंगाची रेघ ओढून ठेवावी. वाफा तुंबू लागला की पाणी त्या रेघेच्या वर चढते, हे साधे मोजमाप महागड्या यंत्रापेक्षा भरवशाचे आहे.

सहा हजार लिटर पाणी तीन तासांत एकदा फिरावे, म्हणजे ताशी दोन हजार लिटर. पंपावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो, म्हणून तीन हजार लिटरचा घ्यावा. या बेताचा ४० वॅटचा पंप चोवीस तास चालून दिवसाला सुमारे एक युनिट वीज खातो. घरात पडलेला कूलरचा पंप वापरण्याचा मोह होतो. तो महिनोन् महिने अखंड चालण्यासाठी बनलेला नसतो आणि त्याच्या वायरच्या जोडाचा भरवसा नसतो. पंप तळापासून फूटभर वर ठेवावा, म्हणजे पाइप निखळला तरी तळे पूर्ण रिकामे होत नाही. या जोडणीला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे बटण, बसवल्याशिवाय पाण्यात हात घालू नये, यात तडजोड नाही.

वाफ्याची सांडवाट गिट्टीच्या वरच्या थरापेक्षा दोन इंच खाली ठेवावी. वर कोरडी गिट्टी राहिली की डासांना अंडी घालायला उघडे पाणी मिळत नाही आणि बाष्पीभवनही घटते.

झाडे

वाफ्याचा कणा कर्दळ, छत्री लव्हाळा आणि अळू यांचा करावा. तिन्ही आपल्या उन्हाला सरावलेले आहेत. वाळ्याची मुळे खोल जातात, तो मधोमध लावावा. वेखंड सावलीच्या बाजूला द्यावे, नाहीतर वैशाखात त्याच्या पात्यांची टोके करपतात. पाणकणीस गाळणीला उत्तम, पण त्याचे टोकदार कंद कागद भोसकतात, म्हणून लावायचेच असेल तर जाड टबात. दर चौरस फुटाला एक रोप पुरते. मुळांची सगळी माती धुवून, मुळे पाण्याला टेकतील इतक्या खोल ती गिट्टीत बसवावीत. हे काम माघ-फाल्गुनात उरकावे, म्हणजे आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) मुळे पक्की धरतात. नाल्यातून किंवा दुसऱ्या तळ्यातून आणलेली झाडे पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून घ्यावीत.

तळ्यात कुमुदिनी काळ्या मातीच्या टोपलीत, वर इंचभर बारीक गिट्टी पसरून ठेवावी. तिला पडत्या पाण्याचा शिडकावा आवडत नाही, म्हणून वाफ्याचे पाणी जिथे पडते त्याच्या दुसऱ्या टोकाला तिची जागा. पाने पसरून पाण्याचा निम्म्याहून थोडा जास्त भाग झाकला की शेवाळाला ऊन कमी मिळते. पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींपैकी हायड्रिला किंवा सेराटोफायलम सोडावे. अझोला हा तरंगता पाणनेचा सोडण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो हवेतला नायट्रोजन स्वतःच बांधतो, त्यामुळे पाण्यातला नायट्रोजन कमी करण्यात त्याचा फारसा उपयोग नाही, मात्र फॉस्फरस तो चांगला ओढतो आणि कोंबड्यांना व म्हशीला उपयोगी पडतो. पीव्हीसी पाइपच्या तरंगत्या कड्यात तो अडवून ठेवावा. जलपर्णी मात्र कोणत्याही कारणाने आणू नये. तिचा एक तुकडा सांडव्यातून नाल्यात गेला तर पुढे तापी-गिरणेपर्यंत त्याला अडवणारे कोणी नाही.

पाणी भरल्यानंतरचे दोन महिने

नळाचे पाणी असल्यास क्लोरीन उडून जाण्यासाठी दोन दिवस नुसता पंप चालवावा. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, ते उंचावरून पडू द्यावे. झाडे लावल्यावर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाणी हिरवे होते आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पाणी बदलू नये, मोरचूद किंवा ब्लीचिंग पावडर टाकू नये. त्याने शेवाळाबरोबर गिट्टीतले जिवाणूही मरतात आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. चार ते सहा आठवड्यांत जिवाणू स्थिरावतात, मुळे वाढतात आणि पाणी आपोआप निवळते.

मासे त्यानंतरच सोडावेत, तेही दहा-पंधरा गप्पी. आरोग्य विभागाच्या गप्पी पैदास केंद्रांतून ते मिळू शकतात. डासांच्या अळ्या खाऊन ते जगतात, म्हणून त्यांना वेगळे खाद्य घालू नये. खाद्य म्हणजे पाण्यात ओतलेले खतच. आपल्या जड पाण्याचा सामू (पीएच) आठच्या वर असतो आणि अशा अल्कधर्मी, तापलेल्या पाण्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो, त्यामुळे थंड प्रदेशात चालेल तेवढी माशांची गर्दी येथे चालत नाही. कोई, मृगळ हे तळ उकरणारे मासे टाळावेत. गप्पींची संख्या वाढली तरी ती नदीत सोडू नये.

तळ्यापाशी लहान मुले येत असतील तर पाण्याखाली चार-सहा इंचांवर लोखंडी जाळी आडवी टाकावी. पडलेल्या खारीला किंवा साळुंकीला वर येता यावे म्हणून एक खरबरीत दगड काठाला तिरपा ठेवावा. बेडूक आले की दिवड येतेच. ती पाणसापाची बिनविषारी जात आहे. तरी काठाला विटा-लाकडांचे ढीग नसावेत, कारण तिथे नागही मुक्काम करतो.

वर्षभराची देखभाल

मे महिन्यात दिवसाला साधारण एक सेंटिमीटर पाणी उडते. तळे आणि वाफा मिळून ते शंभर ते सव्वाशे लिटर होते. ते संध्याकाळी थोडे थोडे भरावे. उडते ते नुसते पाणी, क्षार मागेच राहतात, म्हणून केवळ बोअरचे पाणी घालत राहिल्यास जूनपर्यंत तळ्यातील पाणी मूळ पाण्यापेक्षा बरेच खारट होते आणि पानांच्या कडा जळू लागतात. उपाय पावसाचा. जळगावसारख्या सुमारे ७०० मिलिमीटर पावसाच्या भागात ५०० चौरस फुटांच्या छपरावरून वर्षाला पंचवीस हजार लिटरच्या आसपास पाणी मिळू शकते. पहिल्या दोन सरी वाहून जाऊ द्याव्यात, मग छपराची पन्हळ तळ्याकडे वळवावी आणि जुने पाणी सांडव्याने केळीच्या आळ्यात निघू द्यावे. सांडव्याच्या तोंडाला जाळी लावावी. चैत्रापासून मृगापर्यंत ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधल्यास पाणी आणि झाडे दोन्ही वाचतात.

वीज गेली तर दोन-चार तासांनी काही बिघडत नाही. पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो, कारण रात्री झाडेही तो वापरतात. म्हणून रात्रभर वीज गेल्यास सकाळी मासे वर येऊन तोंडे उघडत आहेत का ते पाहावे. पंप बारा तासांहून अधिक बंद राहिला तर गिट्टीतले पाणी कुजके होते. पंप सुरू करण्यापूर्वी ते उभ्या पाइपातून उपसून झाडांना घालावे. सडक्या अंड्यासारखा वास आलेले पाणी तळ्यात सोडू नये.

कापणी फाल्गुन ते कार्तिक दर तीन-चार आठवड्यांनी करावी, मात्र एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नाही. फुलून गेलेली कर्दळ बुडापासून, अळूची बाहेरची जुनी पाने देठासह आणि छत्री लव्हाळ्याच्या पिवळ्या पडलेल्या काड्या विळ्याने काढाव्यात. कापलेले त्याच दिवशी खताच्या खड्ड्यात जावे. काठावर पडून राहिले तर पहिल्याच पावसात त्यातला रस परत तळ्यात येतो. श्रावणात, कानबाईच्या सणाच्या सुमारास वाढ सर्वांत जोरात असते, तेव्हा कापणीही जास्त. गणपतीचे विसर्जन किंवा निर्माल्य या तळ्यात करू नये. शाडूची मूर्ती असली तरी तिची माती थेट गिट्टीत जाऊन बसते. त्यासाठी वेगळी बादली ठेवावी.

ड्रमचा गाळ दर आठवड्याला व्हॉल्व्ह उघडून सोडावा. वर्षातून एकदा, थंडी सरताना, पंप बंद करून उभ्या पाइपात गाळ ओढणारा पंप सोडावा आणि काळे पाणी जोराने उपसून लिंबू-पेरूच्या आळ्यात घालावे. वाफ्यात पुन्हा तळ्याचेच पाणी भरावे, म्हणजे जिवाणूंना धक्का बसत नाही. चार-पाच वर्षांनी कर्दळीच्या गड्ड्यांनी वाफा गच्च भरतो आणि ड्रममधले पाणी रेघेच्या वर चढते. तेव्हा एका वर्षी एक तृतीयांश असे गड्डे करवतीने कापून उपटावेत, त्या जागेची गिट्टी हलवून धुवावी आणि त्यातलीच कोवळी रोपे परत लावावीत. उरलेले गड्डे शेजारच्या मोरीच्या पाण्यावर सहज वाढतात.